फिक्या रेघेचा गणपती

आमच्या लालबागेत घरातली सून गरोदर आहे हे जगाला दोन प्रकारे कळतं. एकतर पेढे येतात, नाहीतर त्या घरचा गणपती विसर्जनाला जात नाही. घरात गरोदर बाई असेल तर मूर्ती पाण्यात सोडायची नाही, बाळंतपण होईपर्यंत घरीच ठेवायची, अशी आमच्याकडे रीत आहे. पंचांगवाले दरवर्षी सांगतात की शास्त्रात असं काही नाही. लोक ते मन लावून ऐकतात आणि करायचं तेच करतात. आमची चाळ पाडून तिथे टॉवर झाला, तरी ही रीत लिफ्टने वर आलीच. एका वर्षी सतराव्या मजल्यावरच्यांचा दीड दिवसाचा गणपती गेला नाही, तर संध्याकाळच्या आत त्यांच्या सुनेला लिफ्टमध्ये "कितवा?" म्हणून विचारणं सुरू झालं होतं. बिचारीने तेव्हा माहेरीसुद्धा कळवलं नव्हतं.

हे सगळं मी हसण्यावारी नेत असे. मग एका वर्षी ते माझ्याच गळ्यात आलं.

घरात आम्ही तिघं. मी दादरच्या एका शाळेत शिकवते. नवरा जुन्या इमारतींची तपासणी करतो, म्हणजे गिरगाव, माझगाव, कॉटन ग्रीन असं हिंडत भिंतींवरच्या भेगांचे फोटो काढतो आणि कुठली भेग घातकी, कुठली नुसती दिखाऊ, ते लिहून देतो. सासरे मी या घरात यायच्या आधीच गेले. सासूबाई मूळच्या मालवणकडच्या. एरवी आमच्यासारखंच बोलतात, पण रागावल्या किंवा घाबरल्या की मालवणीवर येतात. देवाधर्माच्या बाबतीत कडक. आमचा गणपती गौरीबरोबर जातो.

गणपती जवळ आले की सासूबाई दोन चौकशा करतात. मूर्ती सांगितली का, आणि माझी तारीख कधी आहे. गणपतीत पाळी आली की मी बाजूला बसणार आणि मोदकांचा सगळा घाणा त्यांच्या गळ्यात पडणार, ही त्यांची धास्ती. म्हणून दरवर्षी मी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घ्यायचे. त्या वर्षी डॉक्टरीणबाईंनी गोळ्या बंद करायला सांगितल्या होत्या, कारण आम्हाला मूल हवं होतं. हे सासूबाईंच्या कानावर घातलं नव्हतं. तारीख आली आणि गेली, गौरी आल्या, जेवल्या, आणि मी आपली ओट्याशी उभी. सासूबाई खूश होत्या. "यंदा गोळी चांगली लागली हो तुला," म्हणाल्या.

त्यांना न सांगण्याचं कारण होतं. दोन वर्षांपूर्वी मी गरोदरपणाची चाचणी केली होती, आणि तेव्हा दुसरी रेघ चांगली ठसठशीत आली होती. मी सकाळी सांगितलं आणि दुपारपर्यंत सासूबाईंनी तळमजल्यापासून गच्चीपर्यंत पेढे वाटले. तिसरा महिना भरायच्या आत ते गेलं. त्यानंतर लिफ्टमध्ये बायका माझ्याशी इतक्या हळू आवाजात बोलायच्या की मी जिने चढायला लागले. मला मूल हवं होतं, पण ती कीव पुन्हा नको होती. पुढच्या वेळी तीन महिने होईपर्यंत कुणालाही सांगायचं नाही, सासूबाईंनाही नाही, असं मी नवऱ्याकडून कबूल करून घेतलं होतं.

आणि विसर्जनाच्या दिवशी सकाळी मी चाचणी केली. आमच्या इमारतीखालचा औषधवाला म्हणजे आकाशवाणी, म्हणून चाचणीच्या दोन पट्ट्या नवऱ्याने फुलं आणायच्या निमित्ताने दादरहून आणल्या होत्या. पहिली रेघ लगेच आली. ती येतेच, तिचं काही कौतुक नाही. दुसरी मात्र आली की नाही ते सांगता येईना. पट्टी तिरकी धरली की दिसायची, सरळ धरली की जायची. मी नवऱ्याला उठवून बाथरूममध्ये नेलं. त्याने पट्टी डोळ्याशी धरली, लांब धरली, मोबाइलचा टॉर्च लावला.

"हेअरलाइन आहे," केसाएवढ्या भेगेला म्हणतो तसं तो म्हणाला.

"म्हणजे आहे?"

"म्हणजे वरवरची असू शकते. प्लास्टरमधलीच."

"ह्यात प्लास्टर कुठून आलं रे?"

"बोलायची पद्धत आहे ती. आपण निरीक्षणाखाली ठेवू."

गिरगावातल्या इमारतींना तो हेच लिहून देतो, आणि तिथली माणसं त्याच्या भरवशावर वर्षानुवर्षं राहतात. माझ्याकडे तेवढी सवड नव्हती. संध्याकाळी गणपती जाणार होता. रेघ खरी असेल आणि गणपती जाऊ दिला, आणि पुन्हा मागच्यासारखं काही झालं, तर सासूबाई जन्मभर म्हणणार की देव घालवला म्हणून झालं. त्यांचं सोडा, मी स्वतः म्हणणार. शाळेत मी मुलांना अंधश्रद्धेवर निबंध लिहायला लावते, पण त्या सकाळी मी स्वतः घाबरले होते हे खरं आहे. उलट गणपती ठेवला तर अख्ख्या टॉवरला संध्याकाळीच कळणार. आणि गणपती ठेवल्यावर रेघ खोटी निघाली, तर तो पुढच्या वर्षापर्यंत हॉलमध्ये माझ्याकडे बघत बसणार.

"इथे उजेडच नाही धड," नवरा म्हणाला. "फोकसखाली बघायला पाहिजे."

आमच्या घरात चांगला उजेड एकाच ठिकाणी होता. मखराच्या समोर, गणपतीवर सोडलेला फोकस. मी नको नको म्हणेपर्यंत हा पट्टी ओंजळीत लपवून हॉलमध्ये पोचलासुद्धा. गणपतीसमोर उभा राहिला, दोन्ही हात छातीशी, मान खाली, आणि ओंजळीतल्या पट्टीकडे एकटक बघायला लागला. तेवढ्यात सासूबाई नैवेद्याची वाटी घेऊन बाहेर आल्या. आरतीलासुद्धा हाक मारून आणावा लागणारा आपला मुलगा दात न घासता देवापुढे हात जोडून उभा आहे, हलत नाही, डोळ्यांची पापणी लवत नाही, हे बघून त्या जागच्या जागी थांबल्या. मला खुणेने गप्प राहा म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

तो आत आल्यावर मी त्याला काय काय बोलले ते लिहीत नाही. लघवीची पट्टी देवापुढे, तीही सणाच्या दिवशी, बिनआंघोळीचा. मी त्याला घासूनपुसून आंघोळ करायला लावली, आणि मनाचं समाधान होईना म्हणून परत एकदा करायला लावली. बाहेर सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, "दोनदा आंघोळ केलीन आज. लहानपणी असाच होता, मधे बिघडला."

"दिसली का मग?" मी विचारलं.

"दिसली असं वाटलं. पण तेव्हा आई आली, मग मी खरंच नमस्कार केला."

मग आम्ही पट्टीबरोबरचा कागद वाचला. हे आधी करायचं असतं. पाच मिनिटांनी बघा, दहा मिनिटांनंतर बघू नका, असं त्यात छापलं होतं. नंतर दिसणारी रेघ पट्टी वाळल्यामुळेही येते, ती धरायची नाही. देवदर्शनात आमची दहा मिनिटं कधीच होऊन गेली होती. मी पट्टीचा फोटो गिरगावातल्या माझ्या धाकट्या बहिणीला पाठवला. गुपित ठेवायचं म्हणजे बहीण सोडून बाकीच्यांपासून, हे न सांगता गृहीत असतं. तिने फोटोचे रंग उलटे करून परत पाठवला आणि खाली लिहिलं, 'आहे आहे आहे'. त्या फोटोत माझा हळदीने पिवळा झालेला अंगठा निळा दिसत होता. नवरा म्हणाला, "ह्यात तर मला चार रेघा दिसतायत. एक तुझ्या नखावर पण आहे."

दुपारी पानं उठल्यावर मी दुसरी पट्टी वापरली. या वेळी नियमाने, घड्याळ लावून. तोवर माझ्या पोटात तीन पेले सोलकढी आणि तांब्याभर पाणी गेलं होतं, आणि सकाळच्या पहिल्या लघवीचीच चाचणी करा हेही त्याच कागदावर छापलं होतं, पण ते पाठीमागच्या बाजूला. रेघ सकाळपेक्षाही पुसट आली. मी बघत होते तेवढ्यात बाहेरून कुणीतरी दार वाजवलं. सणाच्या घरात लपवायला जागा म्हणून नसते. कपाटात पाहुण्यांच्या पिशव्या, पलंगाखाली ताटं, गादीवर कुणाचं तरी झोपलेलं मूल. मी पट्टी टिशूत गुंडाळली आणि औषधांच्या डब्यात टाकली. थर्मामीटर, ऑक्सिमीटर आणि कोविडच्या घरगुती चाचणीची उरलेली पाकिटं तिथेच होती. आता ह्या डब्याला संध्याकाळपर्यंत कोण हात लावतंय, असं मला वाटलं.

सणाच्या दिवशी दुपारी सासूबाईंचं डोकं दुखतं, हे मला नव्याने कळायला नको होतं. दरवर्षी दुखतं.

मी आतल्या खोलीत साडी बदलत होते. दार ढकलून सासूबाई आल्या. पदर नाकावरून घेऊन मागे गाठ मारलेली, आणि हातात दूध उतरवायची सांडशी. सांडशीत माझी पट्टी.

"ह्यां काय गो?" त्या दबक्या आवाजात म्हणाल्या.

त्यांनी दार लावून घेतलं आणि माझ्यापासून चार हात लांब उभ्या राहिल्या. "कधी केलंस? ताप आहे का? वास येतो का? सकाळी तुला अगरबत्तीचा वास आला होता?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. कोविड ओसरला होता, पण आमच्या घरातून गेला नव्हता. आदल्या वर्षी सासूबाई त्या आजारात दवाखान्यात एकट्या राहून आल्या होत्या, आणि तशीच छोटी पांढरी पट्टी, तशाच दोन रेघा, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं.

"त्यात काही नाहीये आई," मी म्हटलं. "एकच रेघ आहे."

"डोळे फुटले नाहीत माझे. ही बघ दुसरी." त्यांनी सांडशी खिडकीकडे फिरवली. "फिकी असली म्हणून काय झालां? माझीपण अशीच होती. मी म्हटलं नाहीच आहे काही. तर ती महापालिकेची बाई म्हणाली, आजी, ह्यात फिकी-गडद नसतं. दिसली की झाली. फिकी म्हणजे नुकतीच सुरुवात आहे."

दिवसभर मी, नवरा आणि बहीण त्या रेघेशी झटत होतो. तिघांनाही ती हवी होती, म्हणून तिघांवरही माझा विश्वास नव्हता. आणि इथे एक बाई उभी होती जिला ती रेघ अजिबात नको होती, आणि तिला ती साध्या उजेडात दिसत होती. मला इतका आनंद झाला की मी फसकन हसले.

"हसतंस काय? घरभर माणसां आसत," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी सांडशी आणखी लांब धरली.

मी गप्प बसले असते तरी चाललं असतं. उलट सोयीचंच होतं. मला खोलीत कोंडून त्या गणपती पोचवून आल्या असत्या आणि त्यांना काही कळलं नसतं. पण त्या खरंच घाबरल्या होत्या. दवाखान्यातून आल्यावर कित्येक दिवस त्या दिवा चालू ठेवून झोपायच्या. ते आठवलं आणि मला ते ढोंग जमेना.

"आई, ती कोविडची नाही," मी म्हटलं. "दुसरी आहे. बाळाची."

त्या पलंगावर बसल्या. पदराची गाठ नाकावरून घसरून गळ्यात आली. मग म्हणाल्या, "आणि गोळ्या?"

"घेतल्याच नाहीत."

"माका सांगूक काय झालां होतां?"

बाहेर मजल्यावरची मंडळी जमायला लागली होती. झांजा वाजत होत्या. नवरा दारातून डोकावला, आईच्या हातात पट्टी बघितली आणि तसाच उलट्या पावली गेला. संकटाच्या वेळी तो नेहमी निरीक्षणावर असतो.

आता त्या काय म्हणणार ते मला पाठ होतं. गणपती जाणार नाही. झांजा बंद करा. मग दारातल्या बायका आत बघणार, एकमेकींकडे बघणार, आणि आरतीच्या आत बातमी तळमजल्यावर. मी मनातल्या मनात पंचांगवाल्यांची सगळी वाक्यं जुळवून ठेवली होती. भांडायची तयारी होती माझी.

"गणपती जाऊ दे," सासूबाई म्हणाल्या.

मला वाटलं मी चुकीचं समजले. "पण आई, रीत..."

"मला शिकवू नकोस रीत. सासूने सांगितलं तेव्हापासून मी ती पाळतेय. तुझ्या नवऱ्याच्या वेळी सात महिने गणपती आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत होता. आम्ही कुशीवर झोपायचो." त्यांनी गळ्यातली पदराची गाठ सोडली. "मागच्या वेळी तू आत पडून होतीस. दारात येईल त्याला सांगायचं काम माझं होतं. पेढे मी दिलेले ना, मग लोक मलाच विचारणार. कशी आहे सून, कितवा लागला. एकेकाला सांगितलं. खालच्या वॉचमनला पण सांगितलं, त्याने पण पेढा खाल्ला होता. परत माझ्या अंगात ता बळ नाय गो."

दोन वर्षं मी समजत होते की ते दुःख माझ्या एकटीचं आहे, आणि सासूबाईंनी पेढे वाटून त्याची जाहिरात केली. त्यांना ते एकेकाला परत सांगावं लागलं असेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मला रडू आलं आणि मी रडले. त्यांनी मला जवळ घेतलं वगैरे नाही. सांडशी पट्टीसकट माझ्या हातात दिली. "तोंड धू," म्हणाल्या, "आणि तू खाली येऊ नकोस, गर्दीत धक्के लागतात."

बाहेर जाऊन त्यांनी उत्तरपूजेची तयारी केली. आरती झाली. नवऱ्याने मूर्तीला हात घालायच्या आधी त्या पुढे झाल्या, गणपतीच्या पायांवर हात ठेवला आणि नेहमीपेक्षा जरा मोठ्याने, माणसाशी बोलावं तसं म्हणाल्या, "तुला राहायचं असलं तरी या वर्षी जा बाबा. तुला कळतंय सगळं. बाकीच्यांना कळायला नको." लोकांना वाटलं दरवर्षीचंच काहीतरी पुटपुटतायत. नवऱ्याने मूर्ती उचलली आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

ती मंडळी परत यायला काळोख झाला. नवरा आला तो दारातच पोट धरून हसत होता. झालं असं, की कृत्रिम तलावाशी रांगेत आमच्या इमारतीतल्या एकीने सासूबाईंना खोदून खोदून विचारलं, सून का नाही आली, दरवर्षी पुढे असते, काही विशेष आहे का. आणि उभ्या जन्मात ज्यांनी भाजीवाल्याशीसुद्धा खोटी घासाघीस केली नाही, त्या सासूबाई देवाच्या समोर, आवाज न बदलता म्हणाल्या, "तिला कोविड झालाय." पुढची माणसं बाजूला झाली, मागची मागे सरकली, आणि आमच्या गणपतीला रांग न लावता जागा मिळाली. पुढचे दोन आठवडे आमच्या दाराशी कुणी फिरकलं नाही. एकदा कुणीतरी काढ्याची बाटली ठेवून, बेल वाजवून पळून गेलं. तोवर मी आणखी एक चाचणी केली, आणि त्या खेपेला रेघ इतकी गडद आली की ती नवऱ्यालासुद्धा दिसली.

पण हे पुढचं. त्या संध्याकाळी अजून काहीच नक्की नव्हतं. सासूबाईंनी पाय धुतले, विसर्जनाहून आणलेला रिकामा पाट मखरात ठेवला, त्याची आरती केली. मग चष्मा शोधून माझ्याजवळ येऊन बसल्या. "दे बघू ती," म्हणाल्या.

मी पट्टी टिशूवर ठेवून पुढे केली. त्यांनी टिशू बाजूला काढला आणि पट्टी उघड्या तळहातावर घेतली. वाळल्यावर रेघ दुपारपेक्षा चांगली उठून दिसत होती. अशी रेघ धरायची नसते, पण मी तो नियम त्यांना सांगितला नाही. दुसरीच गोष्ट सांगितली, कारण आमच्या घरात सोवळं-ओवळं किती आहे ते मला माहीत होतं.

"आई, ते लघवीचं आहे."

"ठाऊक आसा माका," त्या पट्टीवरची नजर न काढता म्हणाल्या. "नातवंडां काय अत्तर लावन येतत?"

मग त्यांनी दुसऱ्या हाताने चष्मा काढला, पदराला पुसला, परत लावला, आणि पुन्हा बघत बसल्या.